आपले नदी उतरनी शे

धुळ्याच्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून लागलो आणि खोली शोधत आग्रा रोडच्या मागच्या गल्ल्यांतून हिंडलो, तेव्हा घरमालकांचे प्रश्न ठरलेले असत. लग्न झालंय का, मटण खाता का, पाहुणे फार येतात का. नानांनी मला एकच प्रश्न विचारला.

"मास्तर, पव्हता येस का?"

मी म्हटलं, पोहता येतं, पण विहिरीत. तेही काठावर कुणी उभं असलं तर.

"गाव कोनतं?"

"राजापूरकडचं. कोकण."

"मग झालं! कोकनना मानूस पानीमाच जल्मास." आणि घरात वळून ओरडले, "आयकं का वं, खोली दी टाकी!"

आमचं गाव समुद्रापासून चांगलं लांब आहे, होडीत मी जेवढ्या वेळा बसलो तेवढ्या वेळा ओकलो, हे सांगायची मी खूप खटपट केली. नाना ऐकायच्या पलीकडे गेले होते. न्हाणीघर कुठे, नळ कधी येतो, हे मग अक्कांनी दाखवलं. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. सगळी गल्लीच त्यांना अक्का म्हणायची. जाता जाता त्यांनी हळूच बजावलं, "त्यासना नादे लागू नका, भाऊ."

नादी लागायला मला फार दिवस लागले नाहीत. नाना माणसाला खोलीच मुळी नादी लावण्यासाठी देत असत.

उमेदीचा सगळा काळ त्यांनी ट्रक चालवण्यात घालवला होता. मी गेलो तेव्हा ट्रक सुटला होता आणि ते हमरस्त्यावर टायरचं दुकान सांभाळत होते. पण पाय अजून गाडीतच होता. जेवताना, पेपर वाचताना, कीर्तनाला बसले असतानासुद्धा समोर काही आडवं आलं की नानांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. अंगणातून मांजर पळालं की ब्रेक. अक्का हंडा घेऊन दारात आल्या की ब्रेक. त्यांच्याबरोबर एस.टी.नं जाणं ही तर शिक्षाच. पुढे बैलगाडी दिसली की नाना ब्रेक दाबणार, ड्रायव्हर दाबणार नाही, मग नाना ड्रायव्हरला बोलणार. एकदा सोनगीरच्या अलीकडे त्यांनी असा काही पाय दाबला की पुढच्या बाकाखाली ठेवलेली एका बाईची टोमॅटोची पिशवी चिरडली. बाई भांडायला उठली, तर नाना शांतपणे म्हणाले, "मी ब्रेक मारा म्हनीसन बठ्ठा वाचनात, बाई." सगळे वाचले ते म्हणे यांच्या ब्रेकमुळे! बाईनं त्यांच्याकडे इतक्या कीव आल्यासारखं पाहिलं की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

बोलणंही सगळं ट्रकचंच. मी शाळेतून वैतागून आलो की विचारणार, "आज चढावर लोड जास्त होता का?" माझ्याशी ते निम्मं शहरी मराठी बोलायचे, निम्मं अहिराणी, आणि जीव जिथे गुंतला असेल तिथे नुसती अहिराणी.

त्यांचा जीव एकाच वाक्यात गुंतला होता. मी राहायला गेलो त्याच आठवड्यात, संध्याकाळी अंगणात बाजेवर बसलेले असताना त्यांनी ते मला पहिल्यांदा ऐकवलं.

"मास्तर, आपले नदी उतरनी शे."

आपल्याला नदी उतरायची आहे. मी मराठीचा मास्तर. नदी उतरणं म्हणजे पाण्यातून चालत पलीकडे जाणं, हे मला ठाऊक. अक्कांनाही तेच ठाऊक. त्या चुलीपासूनच म्हणाल्या, "नदी उतराले पूल शे ना! सरकारनी बांधेल शे!"

नानांनी कपाळावर हात मारला. त्यांना पलीकडे जायचं नव्हतंच. त्यांना नदीवर बसून, घाट उतरतो तशी नदी उतरायची होती. वरून खाली. आणि नदीही धुळ्याच्या पांझरेसारखी गरीब नको, नर्मदाच हवी, आणि तीही सातपुड्याच्या कड्यांमधून खडकांवर आपटत, फेस काढत जाते तिथली.

यामागची गोष्ट त्यांनी मला पुढे खूपदा सांगितली. तरुणपणी ते धडगावच्या बाजूनं लाकडाचे ट्रक आणायचे. एकदा डोंगरात गाडीचा पाटा, म्हणजे स्प्रिंगची पट्टी, तुटला. क्लीनर दुसरा आणायला गेला आणि नाना पायवाटेनं कड्याच्या टोकाशी जाऊन बसले. खाली नर्मदा होती. वरच्या अंगानं एक सागाचं मोठं लाकूड आलं. खडकांपाशी आलं आणि बुडालं. नानांना वाटलं, संपलं. तेवढ्यात ते पुढे भसकन वर आलं, गोल फिरलं, पुन्हा धारेला लागलं आणि वळणाआड गेलं.

"ते लाकूड गेलं, मास्तर. आणि मी तिथंच. ट्रकची राखण करत." मग जरा थांबून म्हणायचे, "जिंदगीभर मीच चालवलं. गाडी चालवली, घर चालवलं. पोरींची लग्नं चालवली. एकदा तरी मला कुणी चालवावं. मी नुसतं बसावं."

हे ऐकताना मला दर वेळी हसू यायचं आणि दर वेळी ते घशातच राहायचं.

धरणाचं कुणी काढलं की मात्र ते चिडत. गुजरातेत मोठं धरण होतंय, त्याचं पाणी आपल्या हद्दीत डोंगरातल्या गावांपर्यंत चढणार, असं तेव्हा रोज पेपरात यायचं. मोर्चे निघत होते. मी म्हणायचो, नाना, जायचं तर लवकर जाऊ. ते म्हणायचे, "धरण खाली, नदी वर. पानी कधी रिव्हर्स लेत नही, मास्तर." रस्त्यावर आयुष्य काढलेल्या माणसाचा हा सिद्धांत होता आणि त्याच्यापुढे माझं भूगोलाचं ज्ञान चालत नसे.

तयारी कायम चालू असायची. अक्का पहाटे अंगण सारवायच्या. ते वाळलं की नाना कोळशाचा तुकडा घेऊन त्यावर नदी काढायचे. इथे वळण, इथे खडक, इथे धार दोन्हीकडे फुटते, डावी धरायची. चहा थंड व्हायचा, दुकान उघडायचं राहायचं. दुसऱ्या दिवशी अक्का नर्मदेवरून शेणाचा हात फिरवून मोकळ्या व्हायच्या आणि नाना पुन्हा पहिल्यापासून काढायला बसायचे. येणाजाणाऱ्यांना वाटे, या घरात रांगोळी बुवा काढतो.

तराफा बांधायचं काम मन्सूरभाईंचं. मन्सूरभाई म्हणजे नानांच्या दुकानात पंक्चर काढणारे कारागीर आणि नानांचे जुने दोस्त. त्यांनी ट्रकच्या ट्यूबा जोडून वर चौकट बसवायची ठरवली. चौकटीला लाकूड कोणतं, यावर बरीच खलबतं झाली. एके दिवशी दुपारी अक्कांचा आवाज आला, "मन्ही बाज कोठे गयी?"

बाज दुकानामागे ट्यूबांवर आवळून बांधलेली सापडली. ती अक्कांना माहेरहून आलेली बाज होती. नाना म्हणाले, "तुन्हीच शे ना? मग घरनीच शे." अक्का त्या दिवशी कुणाशी बोलल्या नाहीत, आणि आम्हाला तिघांना जेवायला नुसती कळण्याची भाकरी आणि ठेचा मिळाला. ठेच्याच्या तिखटावरून राग किती आहे ते कळत होतं.

पहिल्याच चाचणीला घोटाळा झाला. मन्सूरभाई बजावत होते, "नाना, धूप में मत रखो, हवा गरम होके फूलती." नानांना ट्यूबा टणक हव्या होत्या. सकाळच्या गारव्यात टम्म फुगवल्या आणि उन्हात ठेवून दिल्या. धुळ्याचं चैत्रातलं ऊन. दुपारी असा काही आवाज झाला की शेजारचा हॉटेलवाला शेवभाजीची कढई तशीच सोडून रस्त्यावर पळाला. पोलीस आले. नानांनी त्यांना बसवून चहा पाजला आणि नदी उतरण्याचा सगळा बेत सांगितला. पोलिसांनी जाताना माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही शिक्षक ना?"

पुढची तालीम पांझरेत झाली. पांझरेत त्या दिवसांत पाणी म्हणजे कडेनं वाहणारी एक चिंचोळी ओघळ. बाकी सगळी वाळू. नानांनी बाज वाळूतच मांडली. मी मागे, मन्सूरभाई उजवीकडे, नाना पुढे, आणि हातात सुतारानं केलेली निंबाची वल्ही. नाना त्यांना 'स्टेरिंग' म्हणायचे. "डावी मारा! खडक उना! झुका!" नाना ओरडायचे आणि आम्ही वाळू वल्हवायचो. बाजारात तुरी म्हणतात तसलाच प्रकार. पुलावर ही गर्दी जमली. वरून कुणीतरी ओरडलं, "नाना, पानी कोठे शे?"

"पानी ई जाई!" नाना मान वर न करता म्हणाले. "तयारी पहिले!"

दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं तर मागच्या बाकांवरून "झुका!" असा आवाज आला आणि अख्खा वर्ग झुकला. ते वर्ष मला फार जड गेलं.

खरं पाणी पहिल्यांदा लागलं ते तापीचं. शिंदखेड्याच्या बाजूला एका गावाजवळ, दिवाळीनंतर, नदी शांत झाल्यावर आम्ही टेम्पोतून तराफा नेला. अक्कासुद्धा आल्या होत्या. त्यांना यायचं नव्हतं. पण बाज जाणार तर मी जाणार, असं त्यांचं म्हणणं. धार संथ होती. आम्ही जेमतेम मध्यावर गेलो आणि बाज एका डोहावर गोल फिरू लागली. नानांनी हुकूम सोडला, "डावी!" मन्सूरभाईंनी त्यांची डावी मारली, मी माझी, आणि नाना स्वतः तोल जाऊन बाजेच्या कडेनं खाली गेले.

ते वर आले तेव्हा त्यांच्या तोंडावर जे होतं ते पाहून मला कळलं. नानांना पोहता येत नव्हतं. पोहता येतं का म्हणून माणसं पारखून घेणाऱ्या या गृहस्थाला स्वतःला पाण्यात हातसुद्धा मारता येत नव्हता. मी उडी मारावी की वल्हं पुढे करावं, या विचारात असतानाच काठावरून धप्प आवाज आला. अक्का पाण्यात होत्या. लुगड्याचा काचा मारलेला, हात लांब आणि सावकाश, डोकं पाण्यावर. त्यांनी नानांच्या शर्टाची मागची कॉलर धरली आणि बैलाला वेसण धरून आणावं तसं त्यांना काठाला आणलं.

नाना वाळूवर बसून ठसकत होते. जरा दम आल्यावर त्यांनी अक्कांकडे पाहिलं. "तुले पव्हता येस?"

"मन्हं माहेर तापीथडीनं शे," अक्का पदर पिळत म्हणाल्या. "इतला वरीसमा कधी इचारं का तुम्ही?"

 घरी येईपर्यंत टेम्पोत नानांनी एकदाही ब्रेक दाबला नाही, म्हणजे ते किती हादरले असतील बघा. मला वाटलं, झालं, आता नदी संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आलो आणि थांबलो. अंगण सारवलेलं होतं. पण नर्मदा तशीच होती. अक्कांनी तिच्या दोन्ही काठांनी हात फिरवला होता आणि मधली कोळशाची रेघ सोडून दिली होती. चहा देताना त्या नानांना म्हणाल्या, "नदी उतरनी व्हई ते माले बी ली चला. तुमले कोन काढी?"

मलाही घेऊन चला, तुम्हाला कोण काढेल. एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. नाना बराच वेळ नदीकडे पाहत बसले. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

त्यानंतर खरं तर लगेच निघायला हवं होतं. पण धाकट्या लेकीचं बाळंतपण आलं, मग मन्सूरभाईंच्या घरचं लग्न, मग नानांचा गुडघा. पावसाळ्यात नर्मदा कुणाला अंगाला हात लावू देत नाही आणि उन्हाळ्यात वर खडकच राहतात, म्हणून मुहूर्त दिवाळीनंतरचाच. तो एकदा हुकला की वर्ष गेलं. असे मुहूर्त हुकत राहिले. नाना मात्र रोज सकाळी नदीचा एखादा खडक दुरुस्त करत.

अखेर एका वर्षी आम्ही चौघं निघालो. शहादा, धडगाव, आणि पुढे डोंगरातली वाट. जीप नानांनीच चालवली. रस्ता संपला तिथून ट्यूबा, पंप आणि सुटी केलेली बाज खांद्यावर घेऊन आम्ही उतरू लागलो. गुडघा दुखत असूनही नाना सगळ्यांच्या पुढे. एक टेकाड ओलांडलं की ते कान द्यायचे. "पाण्याचा आवाज इथून यायला लागतो," म्हणायचे. मग पुढच्या टेकाडावर पुन्हा थांबायचे. आवाज येत नव्हता. मन्सूरभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली मान घातली.

कड्यावर पोचलो. हीच ती जागा, असं नानांनी खडकावरून ओळखलं. खाली नदी नव्हती. खाली पाणी होतं, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सपाट, हिरवट, ताटात वाढून ठेवल्यासारखं. फेस नाही, धार नाही. काठाजवळ सागाचे वाळके शेंडे पाण्यातून वर आलेले.

अक्का म्हणाल्या, "पूर शे. उतरी जाई."

नाना पाण्याच्या दिशेनं खाली उतरू लागले, आम्ही त्यांच्या मागे. काठाशी एक पावरा आदिवासी म्हातारा बसला होता. त्याच्या घराचे खांब आणि वासे वरच्या उतारावर नेऊन रचून ठेवलेले दिसत होते. त्यानं आमच्याकडचं सामान पाहिलं, पण हसला नाही. म्हणाला, "पाणी पावसात आला. मग गेला नाय." आणि हातानं पाण्याच्या मधोमध एक जागा दाखवली. "तिथं माझा शेत होता."

नाना त्याच्या शेजारी जाऊन बसले. आपण इथे कशाला आलो हे त्याला सांगायची त्यांना लाज वाटली असावी, कारण त्यानं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "काही नही दादा, नदी देखाले उनतूत." मग अक्कांकडे वळून हळूच म्हणाले, "हाई पानी आते उतराव नही व."

हे पाणी आता उतरणार नाही. वर्गात मी उतरणे या क्रियापदाचे अर्थ अनेकदा शिकवले होते. पूर उतरतो, घाट उतरतो, माणूस नदी उतरून जातो. त्या काठावर मला एकही नीट आठवेना. नानांसाठी मला फार वाईट वाटत होतं आणि त्या म्हाताऱ्यासमोर ते वाटण्याचाही संकोच होत होता.

आम्ही परत फिरणार होतो. अक्काच म्हणाल्या, बांधा. मन्सूरभाईंनी मुकाट्यानं पंप मारला, ट्यूबा फुगल्या, बाज आवळली. मी आणि मन्सूरभाई काठावरच थांबलो. नाना आणि अक्का बाजेवर बसले आणि आम्ही ती पाण्यात ढकलली. ती थोडी पुढे गेली आणि थांबली. चालवणारं पाणीच नव्हतं. नाना क्षणभर तसेच बसले, मग त्यांनी वल्हं उचललं. त्यांच्या पाठीकडे पाहून माझे डोळे भरून आले. आयुष्यभर चालवलं, आणि इथेही यांनाच चालवायचं होतं.

अक्कांनी ते वल्हं त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"तुम्ही बठा," त्या म्हणाल्या. "आते मी चालाडस."

त्यांनी पदर खोचला आणि तापीथडीच्या पोरीसारखे लांब, सावकाश हात मारायला सुरुवात केली. बाज निघाली. पाण्यातून वर आलेल्या सागाच्या शेंड्यांमधून ती जात होती आणि एक जाड शेंडा अगदी समोर आला. मी सवयीनं नानांच्या उजव्या पायाकडे पाहिलं. नाना मांडीवर हात ठेवून बसले होते. अक्कांनी वल्हं फिरवून बाज वळवली, शेंडा बाजूनं गेला, आणि नानांचा पाय हललासुद्धा नाही.